पाहुणा, पई आणि युतुख

शनिवारी रात्रीची जेवणं झाली की आमच्या घरात दोन माणसं दोन वचनं शोधत बसतात. मी उद्याच्या उपदेशाचं, आणि आमचे हे मोबाइलवर मेगाब्लॉकचं. माटुंगा-मुलुंड धीमा की जलद, हार्बर कुर्ल्यापासून बंद की आणखी पुढून, हे पाठ झाल्याशिवाय ह्यांची पाठ अंथरुणाला लागत नाही. "उद्या अंबरनाथ ना? साडेदहाच्या आत आमेन म्हण. नाहीतर बस तिथेच चार वाजेपर्यंत शेंगदाणे खात." आपलं जहाज तीनदा फुटलं, असं बायबलमधला फिरता उपदेशक पौल करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, लिहितो. मला मेगाब्लॉक कितींदा आडवा आला ते मी लिहून ठेवलेलं नाही.

मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही. भायखळ्याला राहते, पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल-वर्गाच्या, शिक्षकांची शिबिरं घ्यायला लागले. मुलांना गोष्ट कशी सांगायची, फळ्यावर गालील समुद्र कसा काढायचा, एवढंच काम. पण शनिवारी शिबिराला आलेल्या बाईला रविवारी मोकळं सोडणं कुठल्याच मंडळीच्या जिवावर येतं. "आलाच आहात तर दोन शब्द बोला." ते दोन शब्द बोलता बोलता बारा वर्षं झाली. कल्याण, नाशिक, नगरकडची खेडी, आणि एकदा कुवेत.

भायखळ्यात राहून फिरस्तीबद्दल कुरकुर करायची सोय नाही. इथल्या हवेतच ते जुने अमेरिकन मिशनरी आहेत. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, मराठी शिकला, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीवर असताना पटकीनं वाटेतच गेला. वय एक्केचाळीस. मी फेरीवर निघाले की हे माझ्या पर्सच्या कप्प्यात ओआरएसच्या चार पुड्या कोंबतात. हॉलच्या झोळीत तेवढ्या असत्या तर, असं दर वेळी मनात येतं, आणि मग पर्स बंद होत नाही म्हणून मी ह्यांच्यावर चिडते.

गाडीत बसलं की कवी नारायण वामन टिळक आठवतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, बोलणं झालं, त्यानं बायबल हातात ठेवलं, आणि दोन वर्षं भरायच्या आत, १८९५ च्या फेब्रुवारीत, मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या माणसाला उपासनाक्रम नव्हता, माइक नव्हता, आभारप्रदर्शन नव्हतं. हे मनात धरून मीही एकदा कसारा लोकलमध्ये पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बसले. समोरच्या बाईनं दोनदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तयारीतच होते. ती म्हणाली, "कुठे उतरणार?"

असो. मला बोलायचंय ते पाहुणेपणाबद्दल.

पाहुण्या उपदेशकाइतका सुखी प्राणी मंडळीत दुसरा नसतो. त्याला पहिल्या रांगेतली हातांची खुर्ची, कोंबडीची तंगडी, घडीच्या रेषा न मोडलेली चादर आणि शाल. माझ्याकडे सतरा शाली आहेत. मुंबईत शाल कधी पांघरायची? जानेवारीतली एखादी पहाट सोडली तर त्या कपाटात डांबरगोळ्यांच्या सहवासात असतात. आणि पाकीट. पाकीट देणारा आणि घेणारा, दोघंही त्या क्षणी छताच्या पंख्याकडे बघतात.

आपल्याकडे म्हण आहे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. दिदाखे नावाचं मंडळ्यांच्या नियमांचं एक चिमुकलं प्राचीन पुस्तक आहे. कित्येक शतकं ते बेपत्ता होतं, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला एका जुन्या हस्तलिखितात सापडलं. त्यात फिरत्या प्रेषितांना कसं वागवावं ते लिहिलंय. आला तर प्रभूसारखं स्वागत करा, एक दिवस ठेवून घ्या, गरज पडली तर दुसराही. तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागू लागला तर तोही खोटा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ह्यांना हाक मारून दाखवलं. लिहिणारा माणूस आमच्या घाटावरचाच असला पाहिजे, नाहीतर त्याची सासू तरी.

दुसरा दिवस उलटायच्या आत निघायचं, त्यामुळे एक मोठी सोय होते. पाळकाला वर्षाला बावन्न उपदेश लागतात. शिवाय लग्नं, मयतं, घरभरणीच्या प्रार्थना. पाहुण्याला एक पुरतो. माझा खास उपदेश युतुखाचा. त्रोवसला माडीवरच्या खोलीत पौल बोलत होता, मध्यरात्र झाली, खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेला म्हणून उचलला. पौलानं त्याला कवटाळलं, म्हणाला, घाबरू नका, ह्याच्यात जीव आहे. आणि पुन्हा वर जाऊन पहाटेपर्यंत बोलत राहिला. इथे मी थांबते, खिडकीकडे बघते, आणि सगळी मंडळी हसते. अकरा ठिकाणी हसली आहे. हे सोबत असले की शेवटच्या बाकावर ह्यांचे ओठ माझ्याबरोबर हलताना दिसतात.

बाराव्या ठिकाणी, कुवेतला, कुणी हसलं नाही.

तिकडे भाची नर्स आहे, तिच्याकडे गेले होते. जाताना तिनं सुके बोंबील मागितलेले. वर्तमानपत्राच्या चार घड्या, त्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर ह्यांचा जुना टॉवेल, अशा बंदोबस्तात मी ते बॅगेत भरले. विमानतळावर कुणी हटकलं नाही. पण घरी बॅग उघडली तर भाची आनंदानं ओरडली आणि मी माझं बायबल हातात घेऊन उभी. मत्तयापासून प्रकटीकरणापर्यंत पानापानाला बोंबलाचा वास. येशूचा शिष्य पेत्र कोळीच होता म्हणा.

कुवेतला साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून मुख्य उपासनाही शुक्रवारी. एका आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या, प्रत्येकीला खोली आणि तास नेमून दिलेला. आमच्या भिंतीपलीकडे मल्याळम गाणी चाललेली, आणि दाराशी पुढच्या तासाची तेलुगू मंडळी ढोलक घेऊन उभी. मुंबईतही एका चर्चमध्ये सकाळी मराठी, मग हिंदी, मग तमिळ अशी पाळी असते, पण आपल्याकडे दहा मिनिटं इकडची तिकडे होतात. इथे घड्याळ म्हणजे घड्याळ.

मी युतुख सुरू केला. तिसऱ्या मजल्यावरून पाडला, खिडकीकडे पाहिलं, थांबले. शांतता. तिसऱ्या रांगेत एक मुलगी भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेली, पायात अजून इस्पितळातले पांढरे बूट. तिच्या शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. माझ्या विनोदापायी त्या पोरीची झोप मोडली. भाचीनं नंतर सांगितलं, निम्म्या जणी रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या.

परतीच्या विमानात डोक्यात तेच घोळत होतं. त्रोवसची ती सभा आठवड्याच्या पहिल्या दिवशी होती, म्हणजे रविवारी, आणि त्या काळी रविवारी सुट्टी नसे. रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहानं ती दिली ३२१ साली. म्हणजे युतुख दिवसभर कुणाच्या तरी कामावर राबून रात्री माडी चढला असणार. खोलीत पुष्कळ दिवे होते, असंही ही गोष्ट सांगणारा लूक लिहितो. उकाडा, तेलाचा धूर, म्हणून तो खिडकीत. इतकी वर्षं मी त्याला आळशी पोर म्हणून हसवण्यासाठी वापरत होते. मुंबईच्या बाईला तर हे आधीच सुचायला हवं होतं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे ती १८९० मध्ये मिळाली. तेव्हापासून माझ्या उपदेशात लोखंडे आले. लोक हसतात, पण जरा कमी. ह्यांचे ओठ मात्र आता चुकतात, त्याचंही एक समाधान आहे.

मागच्या ऑक्टोबरात नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात कापणीच्या सणाला बोलावणं आलं. शनिवारी पोचले, रविवारी देवळात बोलले. तिकडे चर्चला अजून देऊळच म्हणतात, आणि मला ते ऐकायला बरं वाटतं. उपासनेनंतर लिलाव. बाजरीची पाटी, दोन भोपळे, अंडी, लसणाच्या जुड्या, सगळं वेदीपुढे मांडलेलं, आणि पायाला सुतळी बांधलेला एक तांबडा कोंबडा. मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभारी, बोली पुकारत होते. भोपळे गेले, लसूण गेला. कोंबडा तीनशेवर अडला. "मुंबईच्या बाई गप्प का?" असा पुकारा झाला. सगळ्या माना वळल्या. साडेसहाशेला कोंबडा माझा झाला.

सोमवारी सकाळी निघायचं, तर परतीचा पाऊस असा कोसळला की ओढ्यावरून पाणी. एसटी बंद. मी तिसऱ्या दिवसात पाऊल ठेवलं.

आदल्या दिवशीची कोंबडी संपली होती. पिठलं-भाकरी आली. पाळकीणबाईंनी नवी चादर काढून घेतली, म्हणाल्या, "बाई, ही उसनी आणलेली, ओली व्हायच्या आत देऊन टाकते." आणि केस सोडून माझ्यासमोरच तेल लावायला बसल्या. त्याआधी पहाटे पाचला दार वाजलेलं. दारात एक बाई, दोन पोरं, भिजलेली, बाईच्या गालावर वळ. पाळकसाहेब बनियनवरच विजेरी घेऊन तिच्या घराकडे गेले ते आठ वाजता चिखलानं गुडघ्यापर्यंत भरून आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पोरं चुलीपाशी चहात भाकरी बुडवून खात होती.

मेथी निवडता निवडता बाकीचं कळलं. सात महिन्यांचा पगार थकलेला. मी रविवारी क्षमेबद्दल बोलले तेव्हा ज्यांची मान सगळ्यात जास्त हलत होती, त्या वडिलांनी शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलणं टाकलंय. "उपदेश आवडला हो त्यांना," पाळकीणबाई म्हणाल्या. "त्यांना सगळ्या पाहुण्यांचे आवडतात." देठ वेगळे, पानं वेगळी. मी मान वर केली नाही. आम्ही फिरस्ते उठसूट पौलाचं नाव घेतो, पण तो करिंथात दीड वर्षं राहिला, तंबू शिवत, आणि इफिसात तर तीन वर्षं. तिथेही कुणीतरी पहाटे पाचला दार वाजवलंच असेल.

दुपारी पाऊस होताच. माझा कोंबडा स्वयंपाकघराच्या खिडकीत अंग फुगवून बसला होता. बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली आणि तो सरळ बाहेर, राखेच्या ढिगात. पाळकसाहेबांचा आठ वर्षांचा मुलगा ओरडला, "आई, युतुख पडला!" तीन दिवसांत माझं बोलणं कुणीतरी ऐकल्याचा हा पहिला आणि एकमेव पुरावा. पोरगं धावत गेलं आणि कोंबड्याला कवटाळून आत घेऊन आलं.

मंगळवारी ओढा उतरला. कोंबडा लोकलमधून भायखळ्याला न्यायचा प्रश्नच नव्हता. "तुमच्याकडेच राहू दे," मी म्हटलं. "नाताळला उपयोगी पडेल." छत्रीही तिथेच राहिली, ते मला इगतपुरीला कळलं.

डिसेंबरात, नाताळला चार दिवस असताना, मी करंज्या भरत बसले होते. हात सारणानं माखलेले, म्हणून ह्यांनी फोन कानाला धरला. पाळकीणबाई होत्या. सलाम झाला, छत्री पाळकसाहेब वापरतात हे कळलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. नाताळच्या जेवणाला पाहुणे येणार होते, कोंबडा कापायला काढला, तर पोरगा त्याला घेऊन देवळात जाऊन बसलाय. म्हणतो, युतुख मरत नाही. पडला तरी मरत नाही. मुंबईच्या बाईंनीच सांगितलंय, बायबलमध्ये तसं लिहिलंय.

"ह्यांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. ह्यांनी तर सुरी ठेवूनच दिली. म्हणतात, वचनाविरुद्ध कसं जाऊ? आता तुम्हीच काय ते समजवा बाई, देते त्याच्याकडे."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. पावलं, दार, मग मोकळ्या खोलीतला घुमारा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सारणाचा चमचा खाली ठेवला आणि काय सांगायचं ते जुळवू लागले. पलीकडून आधी कोंबडा आरवला. मग पोरगा म्हणाला, "सलाम, बाई."