जलाशयाच्या तळाशी जाते फिरवण्याची परवानगी : माझा अनुभव

धरणाच्या पाण्याखाली परफॉर्मन्स करण्याचा कुणाचा विचार असेल, तर त्याने हवेच्या सिलिंडरआधी अर्जातील ‘प्रयोजन’ या रकान्याची तजवीज करावी. खानदेशातील एका मध्यम प्रकल्पाच्या जलाशयात, बुडालेल्या जुन्या गावठाणावर, पाच मीटर खोलीवर बसून दगडी जाते फिरवायचे, एवढाच माझा प्रयोग होता. तारकर्लीचे स्कूबा प्रशिक्षण, कान-नाक-घसा तज्ज्ञांचा दाखला आणि सोबतीला एक पाणबुड्या, हे सगळे फारशी कटकट न होता जमून आले. अडले ते कागदावर.

पाटबंधारे कार्यालयाच्या अर्जात मासेमारी, नौकाविहार, पाणीउपसा, चित्रीकरण असे ठरलेले पर्याय होते आणि त्यांपैकी एकावर खूण केल्याखेरीज आवक-जावकच्या टेबलावर अर्ज स्वीकारला जात नव्हता. मी बाजूला ‘सादरीकरण कला’ असे लिहिले, तेव्हा कार्यक्रम म्हटल्यावर प्रेक्षकसंख्या, ध्वनिक्षेपकाचा परवाना आणि नाटकाची संहिता मागण्यात आली. माझ्या तोंडात श्वास घेण्याचा रेग्युलेटर असणार, त्यामुळे संवाद नाहीत, हे मी लेखी कळवले. प्रेक्षक काठावर थांबतील आणि त्यांना फक्त बुडबुडे दिसतील, हेही कळवले. त्यावर ‘प्रेक्षकांना दिसणार नसेल तर कार्यक्रम कसला?’ असा शेरा घेऊन फाइल परत आली. हा प्रश्न एखाद्या कलासमीक्षकाने विचारला असता तर मी आनंदाने तासभर बोलले असते. परंतु शेरा लिहिणारे साहेब नेहमी साइटवर गेलेले असत आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवरचा पंखा मात्र चालू असे. ज्यांच्या बोटीतून मी जाणार होते त्या मच्छीमार काकांनी हीच शंका ‘ताई, ते देखी कोन?’ एवढ्यात मांडली आणि उत्तराची वाट न पाहता बोट द्यायचे कबूलही केले.

शेवटी मी पूर्वदाखले जोडले. द्रागान झिवादिनोव या स्लोव्हेनियन दिग्दर्शकाने १९९९ मध्ये विमानाच्या परवलयाकार उड्डाणात, वजनरहित अवस्थेत नाट्यप्रयोग केला होता; त्या पानाकडे कुणी पाहिले नाही. मात्र मालदीवच्या मंत्रिमंडळाने १७ ऑक्टोबर २००९ रोजी समुद्राखाली बैठक घेऊन कार्बन उत्सर्जन घटवण्याच्या आवाहनावर सह्या केल्या, हे वाचताच फाइल हलली. मंत्री पाण्याखाली बसू शकतात म्हटल्यावर माझ्या बसण्याला हरकत उरली नाही आणि अर्ज ‘चित्रीकरण’ या सदरात बसवण्यात आला. म्हणून सांगते, आपल्या कलेचे नाव टेबलावर पटवत बसू नये. छापील पर्यायावर खूण करावी, स्वतःचे म्हणणे जोडपत्रात लिहावे आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

त्या कार्यालयाची एक अट रास्त होती. जलाशयातून पिण्याचे पाणी जात असल्याने दादर ज्वारी दळण्यास मनाई झाली आणि जाते रिकामेच फिरवावे लागले. तेही सोपे नव्हते. काळ्या पाषाणाचे वजन पाण्यात साधारण एक तृतीयांशाने कमी भासते, तर माणसाचे जवळजवळ नाहीसेच होते. त्यामुळे खुंटा ओढला की वरचा दगड फिरण्याऐवजी मीच जात्याभोवती फिरू लागे. अवकाशात यानाबाहेर काम करणाऱ्यांची हीच अडचण असते. १९६६ च्या जेमिनी १२ या अंतराळमोहिमेसाठी अमेरिकी अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी पाण्याखाली सराव केला होता आणि प्रत्यक्ष कामात पाय अडकवण्याच्या आधारांचा उपयोग केला होता. मीही लोखंडी चौकटीला पट्टे लावून पाय अडकवले. घरघर सुरू झाली ती चहूकडून आली, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि कानांना दिशा उमगत नाही. ओवी म्हणता येत नसल्याची माझी खंत त्या आवाजाने बरीचशी भागवली.

तारखेचे सांगायचे राहिलेच. पावसाळ्यात गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. गाळ बसतो तो दिवाळीच्या सुमारास, परंतु पुढे रब्बीची आवर्तने, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या, सुरू होतात, आणि कालव्याचे गेट उघडे असताना त्याच्या आसपास उतरणे जिवावर बेतू शकते. आवर्तनाचे नियोजन कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, म्हणून अर्जात एकच तारीख न लिहिता कालावधी लिहावा. परवानगीपत्राची एक जादा छायाप्रत जवळ ठेवावी. धरणावरचा चौकीदार एक स्वतःकडे ठेवून घेतो.