नको म्हणणारा हात

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोपायच्या आधी दहा मिनिटं बघू म्हणून ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा संग्रह उघडला आणि दीड तास कसा गेला कळलं नाही. जुनी छापचित्रं हवी तेवढी मोठी करून बघता येतात, तीही फुकट. या लोकांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

आज अडकले ती डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६३२ सालच्या एका एचिंगपाशी, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रापाशी. उंदरांचं औषध विकणारा फेरीवाला दाराशी आलाय. हातात उंच काठी, तिच्या टोकाला टोपली आणि टोपलीला लटकवलेले मेलेले उंदीर. औषध लागू पडतं याचा पुरावाच तो! खांद्यावर मात्र एक जिवंत उंदीर निवांत बसलाय. सोबत पेटी सांभाळणारा पोरगा. दाराचं खालचं अर्धं फळकूट बंद, वरच्या अर्ध्यातून घरातला म्हातारा दिसतो. फेरीवाल्याने औषध पुढे केलंय आणि म्हाताऱ्याने तोंड फिरवून तो हात परत लोटलाय.

तो लोटणारा हात मी मोठा करून कितीतरी वेळ बघितला. अख्खं चित्र पोस्टकार्डाएवढं, त्यात हा हात शेंगदाण्याएवढाही नसेल. चारदोन रेघा. पण त्यात किळस आहे, कंटाळा आहे, 'पुढे जा बाबा' आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात आणि सुईने त्यावर काढतात. मेण खरवडून उघडं पडलेलं तांबं खायचं काम मागाहून आम्ल करतं. सुईला धातू कोरायचा नसतो, म्हणून ती मेणावर लेखणीसारखी पळते. हा झटका तिथूनच आलाय.

दुपारी आमच्या दाराशी फिनेलवाला आला होता. मी फोन कानाला लावूनच हात हलवला. त्याचा चेहरा आता आठवत नाहीये.

यान लाउकेन हा डच चित्रकार आणि त्याचा मुलगा कास्पर यांची १६९४ सालची शंभर व्यवसायांची चित्रंही चाळली. अवजारं बघायला उत्तम, पण प्रत्येकाखाली उपदेशाच्या ओळी. काम करणाऱ्या माणसाला बोधकथेला जुंपलेलं मला रुचत नाही. डच शहर हार्लेमचा चित्रकार ओस्टाडे त्यापेक्षा जवळचा वाटतो. त्याचा बेकरीवाला अर्ध्या दारातून वाकून शिंग फुंकतो: पाव भट्टीतून निघाले, या! गाल असे फुगलेत की आवाज ऐकूच यावा.

शेवटी पुन्हा रेम्ब्रांटच. १६३५ ची पॅनकेकवाली. आपल्या घावनांसारखाच प्रकार, रस्त्यावर तव्यावर घालून विकायचा. पोरांचा गराडा पडलाय. एक पोरगा खिशात हात घालून नाणं चाचपतोय; सापडेल की नाही, त्याचं त्यालाच माहीत नाही. म्हातारीचं कुणाकडेच लक्ष नाही, नजर तव्यावर. करपलं तर नुकसान तिचंच. आणि अगदी पुढे, जमिनीवर, एक तान्हं म्हणावं एवढंसं पोर. त्याला पॅनकेक मिळालाय, पण कुत्रा अंगावर आलाय. पोराने तोंड वासून भोकाड पसरलंय, सगळं अंग आक्रसून घेतलंय, पण पॅनकेक काही सोडलेला नाही.