शेवटी कोण बसणार

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

दुपारी दादाशी फोन झाला, तेव्हापासून कशात लक्ष नाही. भांडण झालं नाही, वाईट काही घडलं नाही. यंदाच्या सवाईच्या, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात कोण गाणार-वाजवणार याच्या अंदाजाच्या, चिठ्ठ्या करायला बसलो होतो, तो सांगलीत, मी इथे पुण्यात. कलाकारांची यादी जाहीर व्हायच्या आत चिठ्ठ्या झाल्या पाहिजेत, हा बाबांचा नियम. बासरीवाल्या हरिप्रसाद चौरसियांचं नाव काढून दादा म्हणाला, "हरिजी लिहू का गं?" आणि मी म्हटलं, "सत्त्याऐंशीचे आहेत रे. नको, राहू दे."

राहू दे. मंडईत जुडी हातात घ्यावी, पानं पाहावीत आणि परत ठेवावी, तितक्या सहज म्हटलं.

दादा काही बोलला नाही. पुढच्या नावाकडे गेला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवल्यावर माझी चिठ्ठी नीट पाहिली. पंधरा नावं आणि प्रत्येक नावाच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक आकडा. उल्हासजी कशाळकर ७०. व्यंकटेशकुमार ७२. परवीन सुलताना ७५. अमजद अली खाँसाहेब ८०, परवाच्या नऊ तारखेला पुरी झाली. समोरची ती जागा खरं तर दिवस लिहायची. शनिवार की रविवार, कितव्या क्रमांकावर, साथीला कोण. तिथे मी वयं लिहून ठेवली होती. हे कधी सुरू केलं ते मला आठवतही नाही. कोण गाणार याचा अंदाज करायला बसले होते आणि प्रत्यक्षात कोण उरलंय याची हजेरी घेत होते.

दसऱ्यापासून असेल. सोनं देऊन घरी आले आणि चपला काढतेय तोवर गायक छन्नूलाल मिश्रांबद्दल दादाचा मेसेज, "छन्नूलालजी गेले." खाली दुसरी ओळ, "आणखी एक." एवढंच. मी उत्तर दिलं नाही. पानं हातातच होती.

पण दसऱ्याच्या माथी कशाला मारू? हे त्याच्या आधीचं आहे. २०२० आणि २०२१ ला महोत्सव झालाच नाही. २०२२ ला पुन्हा चिठ्ठ्या करायला बसलो, तर नेहमीची नावं लिहिता लिहिता हात थांबायला लागला. जसराजजी नाहीत. राजन मिश्र नाहीत. बिरजू महाराज नाहीत. संतूरवाले शिवजी, शिवकुमार शर्मा, नाहीत. दोन वर्षांत चार जागा रिकाम्या, त्याही अशा की त्या नावांचा अंदाज करावाच लागत नसे. यंदा नाही तर पुढच्या वर्षी असणारच, असं धरून चालायचो. वहिनी म्हणाली होती, "या वर्षी नको करायला." तरी केल्या. मला वाटतं पेन्सिलीचे आकडे त्या वर्षीचे.

मग तो २०२४ चा जानेवारी. ९ तारखेला गायक रशीद खान गेले, पंचावन्नाव्या वर्षी. १३ ला गायिका प्रभाताई अत्रे. चार दिवसांत दोन्ही टोकं गेली, ज्यांच्यावर पुढची वीस वर्षं विसंबून राहायचं ते आणि ज्यांनी आजवर सगळं धरून ठेवलं होतं त्या. त्याच वर्षी डिसेंबरात सत्तराव्या महोत्सवाला तीन दिवस उरले असताना तबल्याच्या झाकीरभाईंची, झाकीर हुसेन गेल्याची, बातमी आली. मी सीझन तिकीट पर्समध्ये ठेवत होते. मुकुंदनगरला, महोत्सवाच्या मांडवात, पहिल्या दिवशी तबल्यावर हात पडला की शेजारच्या अनोळखी बाई माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

आज दुपारभर मला स्वतःची फार कीव आली, ते इथे लिहून टाकते. आमच्याच पिढीला हे सगळं शेवटचं बघायला का मिळावं? रात्रभराची मैफल आमच्या डोळ्यांदेखत गेली. रात्री दहाची मर्यादा आली आणि पहाटेचा ललत, उजाडतानाची तोडी, उन्हं मांडवात शिरताना संपणारं गाणं, सगळं त्या मर्यादेच्या पलीकडे राहिलं. मर्यादा चुकीची नाही, आजूबाजूला माणसं झोपतात, आजारी असतात, मला कळतं ते. तरी पूर्वी महोत्सव व्हायचा त्या रमणबागेत बाबांच्या शालीत गुरफटून ऐकलेल्या पहाटेची भरपाई कोण देणार? गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेनजी एकाच शेवटच्या सत्रात. दस्तुरांना दरवर्षीची तीच फर्माईश, आणि ती पुरी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. २००७ ला भीमसेनजी मध्ये काही वर्षं गेल्यावर पुन्हा गायला बसले, तेव्हा दादा खुर्ची सोडून उभा राहिला आणि शेवटपर्यंत उभाच होता. आम्ही हे सगळं पाहिलं म्हणून आता एकेक नाव खोडायचं कामही आमच्याकडेच आलं, असं वाटत राहिलं. त्यात गुडघ्याचं. भारतीय बैठकीचं तिकीट यंदा काढायचं नाही असं डॉक्टरांनी… ते जाऊ दे.

चार वाजता माळ्यावरून डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा. झाकण गंजलंय, चमच्याच्या टोकानं उघडावं लागतं. आतल्या चिठ्ठ्या वर्षवार आहेत, बाबांनी रबर लावून ठेवलेल्या. रबर सगळी विरून कागदाला चिकटली आहेत. बाबांचं अक्षर शाईचं, उजवीकडे झुकलेलं, "पं." मधला अनुस्वार दरवेळी पुढच्या अक्षरावर सरकलेला. काय शोधत होते कोण जाणे. बहुतेक जुनी मोठी नावं एकत्र बघायची होती. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमारजी, किशोरीताई, अशी ओळीनं. मनसोक्त रडून घ्यावं, असंही असेल.

ती नावं सापडलीच नाहीत.

म्हणजे माझ्या आणि दादाच्या चिठ्ठ्यांत होती. बाबांच्या चिठ्ठ्यांत नव्हती. मी एकेक करून आठ-नऊ चिठ्ठ्या उघडल्या. बाबांनी समारोपाची ओळच कधी लिहिली नव्हती. मोठ्यांपैकी जास्तीत जास्त एखादं नाव, बाकी सगळी तेव्हा आम्ही न ऐकलेली. आता आठवलं, यावरून आम्ही वाद घालायचो. "बाबा, तुम्ही मुद्दाम हरता," असं दादा म्हणायचा. बरोबर नावाला एक गुण, दिवसही जुळला तर दोन, आणि बाबांचा आकडा नेहमी आमच्या मागे. त्यांचं म्हणणं असं, की भीमसेनजी शेवटी बसणार हा काय अंदाज झाला? ते तर ठरलेलंच आहे. दुपारी चारला, अर्धा मांडव रिकामा असताना कुणाला बसवतील ते सांगा. एका चिठ्ठीत दुसऱ्याच क्रमांकावर नाव "रशीद खान (कलकत्ता)". तेव्हा ते पंचविशीतले असतील. कंसात गाव लिहिलंय, कारण आम्ही विचारलं होतं, "हे कोण?" त्या वर्षी बाबांना गुण मिळाला की नाही, ते आठवत नाही.

खूप वेळ ती चिठ्ठी घेऊन बसले होते. मला वाटायचं, बाबांची पिढी नशीबवान, त्यांच्याकडे मोठी माणसं होती. पण त्यांनीही माणसं जाताना पाहिलीच होती. हा महोत्सवच मुळी १९५३ साली सुरू झाला तो १९५२ ला गेलेल्या गुरूसाठी, भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व यांच्यासाठी. आणि पाच दिवसांच्या शेवटी, कलाकार उठून गेल्यावर, सवाई गंधर्वांची ती जुनी भैरवी लावतात. रेकॉर्डची खरखर आधी येते, मग आवाज. हजारो माणसं हातात चपला, बगलेत सतरंजी अशी आहेत तिथे थांबतात. कुणी चालत नाही. इतकी वर्षं मी तिथे उभी राहिले आहे आणि शेवटी कोण बसणार याचे हिशेब केले आहेत. शेवटी दरवर्षी तेच बसतात. ७३ वर्षं झाली त्यांना जाऊन.

हे लक्षात आलं तेव्हा रडू आलं नाही, उलट जरा मोकळं वाटलं. का ते नीट सांगता येत नाही. माझ्या पेन्सिलीच्या आकड्यांवर तिथलं काही अडून राहिलेलं नाही, असं काहीसं.

प्रभाताईंचंही तसंच. त्या गेल्या त्या दिवशी संध्याकाळी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. ९१ व्या वर्षी. तेव्हा वाचलं होतं, चुकचुकले होते, "अरेरे, गाणं राहिलं." आज तेच उलटीकडून दिसलं. कुणीतरी त्यांना तारीख विचारली होती आणि त्यांनी दिली होती. विचारणाऱ्यानं "नको, राहू दे" म्हटलं नव्हतं. त्यांनी स्वतःही म्हटलं नव्हतं. आणि शेवटच्या वर्षांत त्या बसायच्या तेव्हा मी काय ऐकलं? तान पूर्वीइतकी लांब नव्हती, हे खरं. पण एखादी सरगम अशी अलगद जागेवर ठेवायच्या, की आधीच्या चार तासांत जोरात गायलेलं सगळं विसरायला व्हायचं. ते ऐकताना मी वय मोजलं नव्हतं. घरी येऊन मोजलं.

पावणेसहाला भाचीची चिठ्ठी आली, फोनवरच. यंदा पहिल्यांदाच तिला खेळात घेतलंय. पंधरातली तीन नावं मी कधी ऐकलेली नाहीत. मी लिहिलं, "अगं, हे कोण?" तिचं उत्तर, "आत्या, ऐकून बघ ना आधी." आणि एक दुवा.

लगेच ऐकायचं मनात नव्हतं. ऐकलं. मारवा राग होता. वयानं अगदी लहान मुलगी, बावीस-तेवीसची असेल, मागे दोन तंबोरे, खोलीतच केलेलं रेकॉर्डिंग, मध्येच बाहेर रिक्षाचा हॉर्न. मारव्यात षड्जावर, म्हणजे 'सा'वर, लवकर यायचं नसतं, त्याला टाळत टाळत जीव टांगून ठेवायचा असतो. नव्या मुलांना तेवढा धीर नसतो, असं माझं मत. होतं. ही मुलगी कोमल रिषभावर, 'रे'वर, थांबली. थांबूनच राहिली. मी गॅस बंद करायला उठले होते, ती ओट्याशी तशीच उभी. आता येईल सा, आता येईल. ती नाही आली. धैवतावरून फिरून पुन्हा रिषभावर. मग इतक्या उशिरा आणि इतक्या हळू सा लावला, की माझा हात गॅसच्या बटणावरच राहिला होता. दूध उतू गेलं.

सगळं फार चांगलं होतं असं नाही. द्रुतमध्ये घाई झाली, दोन ठिकाणी आवाज चिरला. पण तो रिषभ मी विसरणार नाही. चिठ्ठीत तिचं नाव लिहिलं. कंसात गावही लिहिलं. त्यासाठी एक नाव खोडावं लागलं, पंधराच्या वर नाहीत, हाही नियमच. खोडलेलं नाव कुणाचं ते इथे लिहीत नाही. ते अजून उत्तम गातात. त्यांचं नाव मी फक्त सवयीनं लिहिलं होतं.

मग खोडरबर घेऊन सगळे आकडे पुसले. पेन्सिल दाबून लिहिलेली होती, खुणा राहिल्यात. ७२ चा ७ अजून स्पष्ट दिसतो.

साडेसातला दादाला फोन लावला. म्हटलं, "दादा, हरिजी लिही." तो गप्प. मला वाटलं, आता विचारेल का म्हणून, आणि मला सांगता येणार नाही. डबा उघडला हे सांगायचं नव्हतं. त्याला वाईट वाटलं असतं की मी एकटीनं उघडला. आणखीही काही सांगायचं होतं, तेही राहिलं.

तो म्हणाला, "कोणत्या दिवशी?"

मी म्हटलं, "रविवारी."

"शक्यच नाही. बासरी असेल तर शनिवारी. शनिवारी बारापर्यंत परवानगी असते, ते वाद्याला शनिवारच देणार."

"शनिवारी व्यंकटेशकुमार."

"ते कशाला शनिवारी? ते रविवारी, शेवटी."

"तू दुपारी त्यांना गुरुवारी टाकलं होतंस."

"दुपारी मी नीट विचार केला नव्हता."

वहिनीनं मागून जेवायला हाक मारली ती मला ऐकू आली, त्याला नाही. पाऊण तास झाला. अजून माझ्या चिठ्ठीत हरिजींच्या समोरची जागा रिकामीच आहे. उद्या सकाळपर्यंत कळवायचं ठरलंय. मी रविवारवर ठाम आहे.