ऐकणं

रविवार, रात्र

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधलं मत्तय ५:२३-२४ वाचलं गेलं. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. रविवारच्या शाळेत असताना हे वचन मी न अडखळता म्हणून दाखवलं होतं. आज वाचणाऱ्याचा आवाज ‘भावाच्या’ या शब्दावर आला आणि अर्पणाच्या पाकिटावरचा माझा हात तसाच राहिला.

कारण तो मला ताई म्हणतो.

अकरा दिवस झाले. ऑफिसच्या बैठकीत एका तक्त्यातला आकडा चुकलेला निघाला. ८६ च्या जागी ६८. तक्ता त्याने पाठवला होता, म्हणून साहेब त्याला बोलले, सगळ्यांदेखत बोलले. “लक्ष कुठे असतं तुझं?” तो मान खाली घालून म्हणाला, “बघतो सर, माझ्याकडूनच राहिलं असेल.” तो रकाना मी भरला होता. आदल्या संध्याकाळी, घाईत, त्याच्याच शेजारी बसून. आकडा ऐकला आणि मला तिथल्या तिथे आठवलं. मी वहीचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर तारीख लिहिली. तारीख आधीच्या पानावर होती, तरी पुन्हा लिहिली, म्हणजे मान वर करावी लागू नये.

त्या दिवशी ते काम त्याच्याकडून काढून माझ्याकडे देण्यात आलं.

आज थैली समोर आली तेव्हा पाकीट मी तिच्यात टाकलं. शेवटचं गीत उभं राहून सगळ्या कडव्यांसकट गायले, आशीर्वाद घेतला, घरी आले. दुपारी मनाने एक वाट काढली: त्याला तर काही माहीतच नाही, मग त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही असणारच कसं? म्हणजे हे वचन माझ्यासाठी नाही. असा विचार मी खरोखर केला, आणि त्यावर तासभर शांत झोपलेही. म्हणून तो इथे लिहून ठेवते आहे.

सोमवार

आज तो रजेवर होता. मला हायसं वाटलं.

मंगळवार, पहाट

झोप नाही. दिवा लावून १ शमुवेल १५ काढला. हा अध्याय मला नेहमी जड जातो. अमालेकी लोकांचा, त्यांच्या जनावरांसकट, संहार करण्याची शौल राजाला दिलेली आज्ञा वाचताना मी थबकते, आणि तिच्यावरून भरभर पुढे जाणाऱ्यांचं मला पटत नाही. पण आज माझं बोट अडकलं ते पुढे, शौल आणि शमुवेल संदेष्टा समोरासमोर येतात तिथे. शौल स्वतःहून म्हणतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरं बेंबावताहेत, बैल हंबरताहेत, ते माझ्या कानावर येतंय ते काय? शौलाचं उत्तर तयार आहे. लोकांनी त्यातली चांगली चांगली राखून ठेवली, देवाला यज्ञ करायला.

आणि मग ते सगळ्यांना ठाऊक असलेलं वाक्य येतं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. मूळ हिब्रूत तिथे ‘शमा’ हे क्रियापद आहे, म्हणजे ऐकणं. अख्ख्या अध्यायात ‘शमा’ आणि ‘कोल’ हे दोन शब्द एकमेकांभोवती फिरत राहतात. कोल म्हणजे आवाज. पहिल्याच वचनात शमुवेल शौलाला सांगतो, परमेश्वराच्या शब्दांचा आवाज ऐक. मेंढरांचं बेंबावणं म्हणजेही मेंढरांचा कोल. आणि चोविसाव्या वचनात शौल अखेर कबूल करतो, मी लोकांना भ्यालो आणि त्यांचा आवाज ऐकला. शौलाच्या कानांत काही दोष नव्हता. त्याने ऐकलं होतंच, फक्त दुसऱ्या कुणाचं.

हे कळायला आपल्याला हिब्रूची गरज नाही खरं तर. “पोरगं माझं ऐकत नाही,” असं आई म्हणते तेव्हा तिची तक्रार त्याच्या कानांबद्दल नसते. “ऐक माझं” म्हणजे मी सांगते तसं कर. आपल्या भाषेने कान आणि पाय एकाच शब्दात बांधून ठेवले आहेत. नव्या करारात आज्ञापालनासाठी येणारा ग्रीक शब्द, हुपाकोए, तोही ऐकण्याच्याच धातूपासून झालेला. रोमकरांस पत्राच्या सुरुवातीला पौल विश्वासाच्या आज्ञापालनाबद्दल बोलतो आणि पत्र संपवताना पुन्हा तेच शब्द आणतो. मी मात्र विश्वास एका कप्प्यात ठेवला आणि आज्ञापालन दुसऱ्या. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा सवडीने.

गेल्या अकरा-बारा दिवसांतली माझी मेंढरं इथे मांडते. पहाटेची प्रार्थना अर्ध्या तासाने वाढवली. रोज तीन स्तोत्रं वाचली. बुधवारच्या प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना केली, नंतर एका बाईंनी हात हातात घेऊन “फार आशीर्वाद मिळाला” असं सांगितलं. मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांत नाव दिलं. यातलं काहीच खोटं नव्हतं, वाईटही नव्हतं. शौलाची मेंढरंही वाईट नव्हती. निवडून राखलेली, चांगलीच होती.

आणि रोजची विनंती: प्रभू, तुझी इच्छा मला कळव. योग्य वेळ दाखव. मला धैर्य दे. इच्छा मला त्या बैठकीतच कळली होती, वहीचं पान उलटायच्या आधी. त्यानंतरची माझी प्रत्येक प्रार्थना ही मुदतवाढ मागणारी होती. लूक ६:४६ मध्ये येशू विचारतो की तुम्ही मला प्रभू, प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते करत नाही, हे कसं? हा प्रश्न तो निंदा करणाऱ्यांना विचारत नाही. त्याला प्रभू म्हणणाऱ्यांना विचारतो.

उजाडलं. आज सांगेन.

मंगळवार, रात्र

नाही सांगितलं. सकाळी त्याच्या टेबलापर्यंत गेले, त्याच्याकडची एक फाईल मागितली, ती घेऊन परत आले. ती फाईल मला नको होती.

मत्तयाचं तेच वचन घेऊन बसले आहे. हे येशू बोलला गालीलात, डोंगरावर. आणि वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात. गालीलातून यरुशलेमेला पायी जायला तीन-एक दिवस लागत. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी सणाला ही वाट तुडवलेली असणार. इतकं चालून कोकरू घेऊन यायचं, वेदीपाशी पोचायचं, आणि ऐन वेळी भावाची आठवण झाली तर कोकरू तिथेच ठेवून पुन्हा घरापर्यंत चालत जायचं. समेट करायचा. मग परत यायचं. आठवडा जाईल त्यात. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असेल. माझी वेदी आणि माझा भाऊ यांच्यामध्ये दोन टेबलं आहेत.

येशूने गोष्टीरूपाने सांगितलेला दोन मुलांचा दाखला आठवतो. द्राक्षमळ्यात जा म्हटल्यावर एक जण नाही म्हणाला आणि मग मन बदलून गेला. दुसरा आदराने हो म्हणाला आणि गेला नाही. इतकी वर्षं त्यातल्या दुसऱ्या मुलाकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. तो खोटारडा असेल असं मला आज वाटत नाही. हो म्हणताना त्याच्या मनात जायचंच असेल. हो म्हटल्यानेच त्याला आपण गेल्यासारखं वाटलं असेल.

एक गोष्ट मला याच जागी लिहायची आहे, कारण ‘आज्ञापालन’ हा शब्द मी फार जपून वापरते. मंडळीतही आणि घरातही तो बहुतेक वेळा खालच्या माणसाला ऐकवला जातो. बायकोला, सुनेला, तरुणांना, हाताखालच्यांना. गप्प बस, सोस, देवाची इच्छा आहे. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला हा शब्द कुणी ऐकवत नाही. पण येशूच्या प्रेषितांनी यहुदी धर्मसभेपुढे उभं राहून सांगितलं होतं की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, आणि त्या ऐकण्यानेच त्यांना न घाबरता बोलायला लावलं. इथे अधिकार माझ्याकडे आहे. मी मोठी आहे, जुनी आहे, माझ्या शब्दाला वजन आहे. त्या दिवशी गप्प बसायचं असं त्याने ठरवलं नव्हतं, मी ठरवलं होतं. आज्ञा मला आहे.

येशूचा शिष्य शिमोन पेत्र, त्याचं येशूला म्हटलेलं एक वाक्य घेऊन झोपते. रात्रभर कष्ट करून जाळ्यात काही लागलं नाही, तरी आपल्या सांगण्यावरून मी जाळी सोडतो. त्याला काही वाटत नव्हतं, उमेद नव्हती, जाळी धुऊन झाली होती. त्याच्याजवळ फक्त ‘आपल्या सांगण्यावरून’ होतं.

बुधवार

सांगितलं.

दुपारी बाकीचे उठून गेले होते. तो बसून होता. मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. पाठ करून ठेवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही आलं नाही. म्हटलं, “तक्त्यातले ते ६८ मी टाकले होते. तुझी चूक नव्हती. मला बैठकीतच आठवलं होतं, आणि मी गप्प बसले.”

तो म्हणाला, “बैठकीतच?”

“हो.”

त्याने हातातल्या पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला वाटलं मला आकडे उलटे दिसायला लागलेत. चार दिवस घरी जाऊन जुने तक्ते तपासत होतो, अजून कुठे कुठे चुकलोय ते बघायला. सोमवारी रजा टाकून डोळे तपासून आलो.”

सोमवारी. मी वर सोमवारची नोंद पाहिली आता. एवढीशी आहे.

मला तिथे क्षमा मागायची होती, ती मागितली. तो “ठीक आहे” म्हणाला, पण ते ठीक नव्हतं आणि ते ठीक व्हावं म्हणून मी त्याला घाई करणं बरोबर नव्हतं. एवढं मला तेव्हा कळलं याबद्दल प्रभूचे आभार. मग साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “झालं गेलं, आता कशाला उकरून काढायचं?” त्यांच्या लेखी विषय संपला होता. मी म्हटलं, त्याला बोलणं सगळ्यांसमोर झालं, तर हेही सगळ्यांसमोर सांगू द्या. उद्याच्या बैठकीत पाच मिनिटं मिळाली आहेत.

आता मनात शांती ओसंडली असं लिहावंसं वाटतं, साक्षीत तसंच सांगतात. तसं झालेलं नाही. हात गार पडले होते, अजून पोटात खड्डा आहे, त्याचं ते टोपण डोळ्यांसमोरून हलत नाही. इब्री ५:८ म्हणतं की पुत्र असूनही येशू जे दुःख त्याने सोसलं त्यातून आज्ञापालन शिकला. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ‘माझी नको, तुझी इच्छा’ म्हणताना तोही मरणप्राय खिन्न झाला होता. तर माझ्या पोटातल्या खड्ड्याने मी घाबरू नये.

आणि जक्कय, येशूला पाहायला झाडावर चढलेला तो जकातदार. मी मुद्दाम लूक १९ काढून क्रम पाहिला. कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो, असं जक्कय म्हणतो ते आठव्या वचनात. येशूने झाडाखाली उभं राहून ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’ म्हटलं ते पाचव्या वचनात. आधी येशू घरी आला, मग पैसे बाहेर निघाले. हे उलट वाचलं की मनाला फास बसतो. मी आज त्या खुर्चीवर जाऊन बसले ती देवाने मला स्वीकारावं म्हणून नाही. स्वीकारलेली होते. नाहीतर माझी ती खुर्ची ओढायची छाती झाली नसती.

शनिवार

गुरुवारी बैठकीत सांगितलं. तीन वाक्यांत संपलं. कुणी काही बोललं नाही, एकाने घसा खाकरला आणि पुढचा विषय निघाला. काम त्याच्याकडे परत द्यावं अशी विनंती मी केली होती, ती मान्य झाली.

तो आता मला ताई म्हणत नाही. मॅडम म्हणतो. दोन दिवसांत पाच वेळा म्हणाला. आवाजात राग नाही, नेहमीसारखाच बोलतो, फक्त तो एक शब्द बदलला आहे. समेट करायला जा, असं वचन सांगतं. तो कधी होईल ते माझ्या हातात नाही. रोज सकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करते, त्याचं मन वळावं अशी नाही, त्याचा त्याच्या डोळ्यांवरचा, हातांवरचा विश्वास परत यावा अशी.

काल संध्याकाळी त्याने नवा तक्ता तपासायला पाठवला. खाली एक ओळ होती: “मॅडम, शेवटून दुसरा रकाना एकदा बघाल का?” मी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली, मूळ कागदाशी ताडून पाहिली, पुन्हा खालून वर वाचत गेले. सगळे आकडे बरोबर होते. तसं त्याला कळवलं.