सापडावे, पण किती?

शाळेतली बाकावरची मैत्रीण, पहिल्या नोकरीतला सहकारी, एके दिवशी घर बदलून गेलेले शेजारी, अशा माणसांचा ठावठिकाणा पुन्हा लागणे हे पूर्वी बहुतांशी योगायोगावर अवलंबून असे. २००४ मध्ये ऑर्कुट आणि फेसबुक आले, २००६ मध्ये फेसबुक सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि नुसते नाव टाकून माणूस शोधणे शक्य झाले. समाजमाध्यमांविषयी माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. पण तुटलेला संपर्क पुन्हा जोडून देण्याचे त्यांचे काम मला मनापासून मोलाचे वाटते आणि म्हणूनच ‘खातेच बंद करून टाका’ हा सल्ला मला पटत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडले होते की नोकरीसारख्या संधीची बातमी पुष्कळदा जवळच्या मित्रांकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्याही कानावर आलेलेच असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका संशोधनात असे दिसले की अचानक कोणी विचारपूस केली तर समोरच्याला होणारा आनंद हा विचारपूस करणाऱ्याने धरलेल्या अंदाजापेक्षा जास्त असतो. तेव्हा ‘इतक्या वर्षांनी कसे बोलायचे’ हा संकोच बाजूला ठेवायला हरकत नाही.

प्रश्न आहे तो आपण सापडावे म्हणून नेमके काय उघडे ठेवायचे, हा. जुन्या ओळखीच्या माणसाला आपल्याला ओळखण्यासाठी लागते तरी किती? त्या काळातले नाव, शाळा किंवा कॉलेज आणि चेहरा ओळखू येईल असा एखादा फोटो. पूर्ण जन्मतारीख, फोन नंबर, सध्याचे कामाचे ठिकाण, घरच्या माणसांची नावे यांतले काहीही त्यासाठी लागत नाही. प्रोफाइल भरताना मात्र हे सगळे रकाने एकाखाली एक येतात आणि रिकामा रकाना अपुरेपणाची खूण असल्यासारखा दाखवला जातो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीने जुने आडनाव लिहिले तर ती मैत्रिणींना सापडते, हे खरे. पण कित्येक ठिकाणी ‘आईचे माहेरचे आडनाव’ हा खाते परत मिळवताना विचारला जाणारा सुरक्षाप्रश्न असतो, म्हणून तिची मुले तिच्या प्रोफाइलशी जाहीरपणे जोडलेली नसावीत.

आता फोनमधल्या संपर्कयादीकडे वळतो, कारण या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग मला हाच वाटतो. नवे अ‍ॅप उघडले की ‘तुमचे मित्र शोधा’ असे म्हणत ते संपर्क वाचण्याची परवानगी मागते. त्या यादीत काय असते, ते एकदा आपल्याच फोनमध्ये नीट पाहावे. एका मैत्रिणीचा नंबर तिच्या नावापुढे ‘नवीन’ असे लिहून ठेवलेला असतो, म्हणजे तिने जुना नंबर कोणत्या तरी कारणाने सोडलेला आहे. एका नावापुढे ‘समुपदेशक’ लिहिलेले असते, एकापुढे ‘घटस्फोटाचे वकील’. परवानगीचे बटण दाबणारे आपण असतो, पण सर्व्हरवर जाते ती या इतरांची माहिती, आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. २०१३ मध्ये फेसबुकमधल्या एका त्रुटीमुळे सुमारे ६० लाख लोकांचे ईमेल पत्ते किंवा फोन नंबर दुसऱ्यांच्या हाती गेले. इतरांनी चढवलेल्या संपर्कयाद्यांमधली माहिती चुकीच्या ठिकाणी जोडली गेल्याने तसे घडले होते. २०२१ मध्ये तर ५३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांची माहिती, तीही बहुतांश फोन नंबरांसह, इंटरनेटवर फुकट उपलब्ध असल्याचे उघड झाले. ती सप्टेंबर २०१९ पूर्वी संपर्क शोधण्याच्या याच सोयीतून उपसली गेली होती. माझे मत स्पष्ट आहे: माणूस नावाने शोधावा, नंबराने नव्हे, आणि संपर्कयादी कोणत्याही समाजमाध्यमाला देऊ नये. आधी दिली असेल, तर फोनच्या सेटिंगमधून परवानगी काढून घ्यावी आणि चढवलेले संपर्क खात्यातून वेगळे पुसावेत, कारण परवानगी काढल्याने आधी गेलेली यादी आपोआप पुसली जात नाही.

वर्गाच्या जुन्या फोटोचेही असेच आहे. कोणी तरी तो सापडल्याच्या आनंदात सर्वांना दिसेल असा टाकतो, दुसरा खाली ओळीने नावे लिहितो, तिसरा प्रत्येकाला टॅग करतो आणि चौथा ‘ही हल्ली अमुक शहरात असते, शिकवते’ अशी भर घालतो. प्रत्येकाचा हेतू प्रेमाचाच असतो. परंतु त्या फोटोत कदाचित अशी एखादी व्यक्ती असते जिने छळणाऱ्या माणसापासून दूर जाण्यासाठी शहर आणि नाव दोन्ही बदललेले आहे, आणि त्या चार प्रतिसादांत तिचा चेहरा, जुने नाव, नवे शहर आणि व्यवसाय एकत्र येतात. तिचे स्वतःचे खाते कितीही बंदिस्त असले तरी त्याचा इथे काहीही उपयोग होत नाही. आपली गोपनीयता निम्मीअधिक आपल्या ओळखीच्या लोकांच्या हातात असते, ही गोष्ट सेटिंगची पाने वाचताना सहसा लक्षात येत नाही.

म्हणून हरवलेले माणूस सापडले की पहिला निरोप खासगीतच द्यावा, त्यात आपण कोण आणि कुठली ओळख ते लिहावे आणि उत्तर देण्याचे बंधन नाही हेही सांगावे. त्याच्या भिंतीवर जाहीर आरोळी ठोकू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात विचारल्याशिवाय जोडू नये, कारण गटात येताच त्याचा नंबर तिथल्या सर्वांना दिसतो. उत्तर आले नाही, तर तिसऱ्याकडून चौकशी करत राहू नये.

उलट बाजूने, जुन्या ओळखीच्या नावाने विनंती आली तर ती स्वीकारण्याआधी थोडे थांबावे. जाहीर फोटो आणि मित्रयादी उचलून हुबेहूब बनावट खाते तयार करायला फार वेळ लागत नाही. मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवली, तर निदान आयती यादी कोणाच्या हाती लागत नाही. कुठेही लिहिला न गेलेला एखादा प्रसंग विचारावा. खऱ्या मित्राला त्याचा राग येत नाही. माणूस खरा असला, तरी विनंती स्वीकारताच मित्रांसाठी ठेवलेल्या आपल्या सगळ्या जुन्या पोस्ट त्याच्यापुढे उघडतात. ज्याने आपल्याला सोळाव्या वर्षी पाहिले आहे, त्याला आपल्या मुलांचे फोटो पहिल्याच दिवशी दिसायला हवेत असे नाही, म्हणून मी अशांना आधी मर्यादित यादीत, म्हणजे फक्त जाहीर पोस्ट दिसतील अशा यादीत, ठेवतो आणि फोनवर बोलणे झाल्यावर पुढचे ठरवतो.

आमच्या वर्गाचा गट जमला तेव्हा आम्ही एवढेच ठरवले की फोटो गटाबाहेर जाणार नाहीत, आणि सध्याचा पत्ता किंवा नोकरी ज्याची त्याने सांगितली तरच लिहायची. काही जणांनी गटात यायला नकार दिला. त्यांच्यातल्या दोघींशी माझे आता स्वतंत्रपणे, निवांत बोलणे होते.