आमची मंडळी, रकाना नंबर सात आणि अकराचा मेगाब्लॉक

आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाचं, ‘मिशन’ काय ते वर कळवायचा फॉर्म चौदा पानांचा होता. त्यातली तेरा पानं आम्ही दोन रविवारांत भरून टाकली. उरलेल्या पानावरच्या एका रकान्याने आठ महिने खाल्ले. दुसऱ्या कुठल्या मंडळीच्या चिटणिसाच्या गळ्यात हे काम पडलं तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. आणि खरं सांगायचं तर डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणूनही.

आमची मराठी मंडळी परळच्या बाजूची. आमच्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे नगर, जालना, सोलापूरकडून गिरणीत कामाला आले. इथे खोली मिळाली, मंडळी मिळाली, पोरं म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेली. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना गिरणीचा भोंगा पुन्हा ऐकायला मिळाला नाही. माझे वडील त्यातलेच. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत खोल्या विकल्या गेल्या आणि माणसं कल्याण, बदलापूर, विरारला गेली. गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे टॉवर आले. देऊळ तेवढं जागेवर राहिलं. (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, वाचणाऱ्यांनी दचकू नये.)

2023 च्या पावसाळ्यात चर्चच्या वरच्या कार्यालयातून पत्र आलं. परिसर बदलतो आहे, तेव्हा प्रत्येक मंडळीने प्रार्थनापूर्वक आपलं ‘मिशन’ काय ते ओळखावं आणि सोबतचा फॉर्म तीन महिन्यांत भरून पाठवावा. फॉर्म इंग्रजीत. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ते माझा फोन पुन्हा उचलणार नाहीत, म्हणजे फार फरक पडणार नाही.

पहिली गंमत ‘मिशन’ या शब्दावरच झाली. घरोघरी जाऊन माहिती घ्यायला मी मराठीत एक साधा कागद केला आणि त्यात विचारलं, ‘आपल्या मते आपलं मिशन काय असावं?’ परत आलेल्या निम्म्या कागदांवर लिहिलेलं होतं ‘अमेरिकन मराठी मिशन’. एका मावशींनी ‘स्कॉटिश मिशन, जालना’ लिहून खाली आजोबांचं नावही टाकलं होतं. चूक त्यांची नव्हती. आमच्या घरांत मिशन म्हणजे कंपाउंड, बंगला, दवाखाना, बोर्डिंग. गोऱ्या साहेबांनी 1813 ला मुंबईत आणि 1831 ला नगरला जे सुरू केलं ते मिशन. ते आपल्याला करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तेव्हा पहिली सूचना: लोकांना विचारताना हा शब्द वापरू नका. मी दुसऱ्या कागदावर ‘देवळाच्या आसपास कुणाला आपली गरज आहे?’ असं विचारलं आणि उत्तरं आली.

प्रार्थनेचा दिवस झाला. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, सुंदर मनन दिलं. परिसर फेरी झाली, तरुण संघाने रंगीत तक्ते केले. यातलं काही अडलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही काही नाही.

अडलं ते रकाना नंबर सातला. ‘सक्रिय सभासद.’

रजिस्टरमध्ये 412 नावं होती. रविवारी उपासनेला माणसं असतात साठ-सत्तर, नाताळला दीडशे. फॉर्मवर प्रामाणिक आकडा टाकावा असं मला वाटलं आणि तिथेच फसलो. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत दोन पक्ष पडले. खजिनदारकाकांना आकडा कमी हवा होता, कारण वर पाठवायची वार्षिक वर्गणी माणशी मोजतात. दोन जुन्या पंचांना आकडा जास्त हवा होता, कारण वरच्या सभेत किती प्रतिनिधी बसणार ते त्यावरच ठरतं. मंडळीचं भवितव्य ओळखायला बसलेली माणसं तीन बैठका याच्यावर भांडली. आणि बैठक तरी कशी, उपासना साडेआठची, संपते साडेदहाला. चहा घेऊन बसतो न बसतो तोच अर्धी माणसं घड्याळ बघून उठायची. मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीपायी गाड्यांचा खोळंबा, माटुंगा ते मुलुंड, अकराच्या सुमारास सुरू. त्याआधीची गाडी चुकली की बदलापूरला जेवणाची वेळ टळलीच.

शेवटी मीच फोन करायला घेतले. 412 नावं, रजिस्टरमधला नंबर, नसला तर भावाचा, तोही नसला तर नगरच्या चुलत्याचा. ही दुसरी सूचना: फोन रात्री साडेआठनंतर करा. सकाळी केला की माणूस लोकलमध्ये असतो आणि ‘हो हो, येतो’ म्हणून ठेवतो. कुणी वारलेलं, कुणी दुबईला. एकाने तर दुसऱ्या मंडळीत दहा वर्षं पंच म्हणून काम केलेलं आणि नाव आमच्याकडे तसंच. मी म्हटलं, बदलीचं पत्र देतो, तिथे नोंद करून घ्या. तर ते म्हणाले, ‘नको हो चिटणीससाहेब, नाव राहू द्या. आमचे आजोबा शिवडीत आहेत.’

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग असा पाचवा-सहावा फोन झाल्यावर उलगडलं. शिवडीच्या दफनभूमीत आजोबांची कबर आहे. परळच्या मंडळीतून नाव गेलं तर उद्या आपल्याला तिथे ठेवतील का, ही भीती. लग्नाला देऊळ मिळेल का, ही दुसरी. माणूस बदलापूरला राहायला गेला होता, मरायला मात्र इकडेच यायचं होतं त्याला. अशा माणसाला सक्रिय म्हणायचं की नाही याला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

तीन महिने रात्री फोन करून आकडा निघाला 131. वर्षातून निदान चार वेळा येणारे आणि काहीतरी देणारे, एवढीच आमची व्याख्या. तो घेऊन मी रजा टाकून त्या कार्यालयात गेलो. टेबलावरच्या साहेबांनी जुनी फाइल काढली. ‘मागच्या वर्षी 412, यंदा 131? दोनशे ऐंशी माणसं गेली कुठे?’

‘बदलापूरला,’ मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. स्पष्टीकरण जोडा म्हणाले. जोडलं. महिन्याने निरोप, पंचकमिटीचा ठराव जोडा. जोडला. मग दीड महिना काहीच नाही. चौकशीला गेलो तर टेबलावर दुसरे साहेब, ‘तुमचा फॉर्म आलेलाच नाही.’ मी स्वतःच्या हाताने दिलेला फॉर्म! आवक नंबर विचारला तर माझ्याकडे नव्हता, कारण आपल्याच माणसांकडून शिक्का काय मागायचा असं वाटलं होतं. मागा. झेरॉक्सवर तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नका, समोर बसलेल्याने कितीही ‘प्रेज द लॉर्ड’ म्हटलं तरी.

दुसऱ्यांदा फॉर्म भरताना मी एक उद्योग केला. रकाना सातच्या खाली पेनाने रेघ मारून सात-अ केला आणि लिहिलं: ‘मागच्या बाकावरचे, 20 ते 25.’

हे कोण ते सांगायचं राहिलंच. परळला टाटा हॉस्पिटल आहे, 1941 पासून. देशभरातून कॅन्सरचे पेशंट येतात, आणि त्यांची माणसं महिनोन्‌महिने धर्मशाळेत नाहीतर फुटपाथवर दिवस काढतात. त्यात झारखंडचे, छत्तीसगडचे, मिझोरामचे ख्रिस्ती लोक असतात. रविवारी ते क्रॉस बघून आत येतात, शेवटच्या बाकावर बसतात, मराठी गाण्याचे शब्द कळत नाहीत तरी चाल गुणगुणतात, आणि आशीर्वाद झाला की निघून जातात. दर दोन-तीन महिन्यांनी चेहरे बदलतात. आम्ही वर्षानुवर्षं त्यांना ‘पाहुणे’ म्हणून मान हलवत होतो. परिसर फेरीच्या तक्त्यांत मॉल होता, टॉवर होते, हे नव्हते. फेरी काढली तेव्हा आम्ही त्यांच्या अंगावरूनच गेलो असणार.

सात-अ वर पंचकमिटीत पुन्हा वाद. सभासद नाहीत, मग मोजायचे कशाला? तेव्हा आमचे निवृत्त मास्तर, जे एरवी बैठकीत डुलकी काढतात, ते बोलले. म्हणाले, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशन सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. तुम्ही दर रविवारी त्यांची भजनं म्हणता आणि रकान्यावरून भांडता? यावर कुणी काही बोललं नाही. ठराव झाला. हा आठ महिन्यांतला एकमेव ठराव जो मी पाच मिनिटांत लिहिला.

वरून फॉर्म परत आला. सात-अ अमान्य, ‘विहित नमुन्यात बदल करू नये.’ मी सात-अ खोडलं, 131 ठेवलं, मिशनच्या रकान्यात जे खरोखर चाललं होतं ते लिहिलं आणि शिक्का घेऊन आलो. एव्हाना त्या फॉर्मची मला गरजच उरली नव्हती.

कारण मधल्या काळात आमचं काम सुरू झालं होतं, तेही कुणी न ठरवता. झारखंडच्या एक बाई, नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर, उपासनेनंतर थांबल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना वाटलं, प्रार्थनेची विनंती असेल, त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, ‘आंटी, इधर गैस मिलेगा क्या?’ नवऱ्याला तिखट चालत नाही, खानावळीचा भात घशाखाली उतरत नाही, त्यांना गुरगुट्या भात शिजवायला चूल हवी होती. आमच्या देवळामागे स्वयंपाकघर आहे, पण भांडी सगळी नाताळच्या मापाची. दोनशे माणसांचं पातेलं आणि हातभर लांबीचा डाव. दोन मूठ तांदूळ त्यात शिजवायचे कसे? अध्यक्षबाई दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून आपला तीन लिटरचा कुकर पिशवीत घालून, लेडीज डब्यात मांडीवर ठेवून घेऊन आल्या. आता तसले चार कुकर आहेत. मंगळवार ते शुक्रवार, अकरा ते चार, स्वयंपाकघर उघडं. गॅस आमचा, तांदूळ ज्याचा त्याचा. देवळाच्या मागच्या दोरीवर रविवारीसुद्धा कुणाचे तरी टॉवेल वाळत असतात आणि एका जुन्या पंचांना ते अजून खटकतं.

किल्ली कुणाकडे राहणार हे मात्र आधी ठरवा. आम्ही ठरवलं नाही आणि पहिले दोन आठवडे पाच बायका पिशव्या घेऊन कुलपासमोर उभ्या होत्या. आता किल्ली समोरच्या चाळीतल्या एका ताईंकडे असते. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. रजिस्टरमध्ये त्यांनाही रकाना नाही.

यंदाचा फॉर्म गेल्या आठवड्यात आला. पानं चौदाच, रकाना सात जिथे होता तिथेच. पंचकमिटीची बैठक येत्या रविवारी उपासनेच्या आधी, पावणेआठला ठेवली आहे. बदलापूरकरांनी पहाटेची गाडी धरावी, चहा मिळेल.