जुनं ट्रॅप मशीन विकताना

ठाण्यात पाचपाखाडीतली आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि जिन्याखाली ठेवलेलं हाताने चालवायचं ट्रॅप मशीन कुठे न्यायचं हा प्रश्न उभा राहिला. भाड्याच्या घरात त्याला जागा नव्हती. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता, पण चालतं मशीन असं देणं मला पटेना. आपल्याकडे शॉटगन नेमबाजी शिकणाऱ्यांना क्ले, म्हणजे बंदुकीने फोडायच्या बशा, हवेत उडवून देणारं साधं मशीन मिळणंसुद्धा कठीण असतं, आणि हे अजून निम्मं आयुष्य शिल्लक असलेलं होतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. क्ले म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पिच (डांबरासारखा पदार्थ) यांची बशी, 110 मिलिमीटर व्यासाची, साधारण 105 ग्रॅम वजनाची. मशीनचा लोखंडी आर्म मागे ओढून अडकवायचा, त्यावर क्ले ठेवायची, नेमबाजाने हाक दिली की दोरी खेचायची. स्प्रिंग सुटते, आर्म गर्रकन फिरतो आणि क्ले गरगरत आकाशात जाते. 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकदम उडालेल्या दोन क्ले फोडायच्या प्रकारात, रौप्यपदक जिंकलं, त्यानंतर माझं या खेळाकडे लक्ष गेलं. म्हणून हौसेने दोन क्ले एकदम उडवणारं मशीन घेतलं होतं. पुढे टोकियोपासून डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून गेलं, त्यामुळे विकताना त्या सोयीचे जादा पैसे मी लावले नाहीत.

माझी बंदूक मी आधीच विकली होती. तिथे घेणारा परवानाधारक हवा, पोलिसांना लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर 45 दिवस थांबावं लागतं. ट्रॅप मशीन शस्त्र नाही, त्याला परवाना लागत नाही. तरी फोन करणारा जवळजवळ प्रत्येक जण परवान्याचंच विचारायचा, म्हणून जाहिरातीत पहिल्याच ओळीत ते लिहून टाकलं.

जाहिरातीआधी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये मशीन नेलं. आर्मच्या वेल्डिंगला तडा नाही ना, हे आधी बघून घेतलं, कारण तिथे तुटलं तर लोखंडाचा तुकडा माणसाच्या अंगावर येतो. क्लेखालची रबराची पट्टी कडक झाली होती, ती बदलली. गंजलेले बोल्ट बदलले. स्प्रिंग पूर्ण सैल करून उतरवली आणि तारेची जाडी, वेटोळी, लांबी हे सगळं वहीत लिहून ठेवलं. परदेशी बनावटीच्या मशीनचे सुटे भाग इथल्या दुकानात मिळत नाहीत, पण मापं असली की स्प्रिंग बनवून देणारे कारागीर ठाण्यात आहेत. फोटो काढताना गंजाचे डागही स्पष्ट दिसतील असे काढले.

फोनांमध्ये एक ठरलेला प्रकार होता. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, मशीन न बघताच घेतो, पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. मी फोन ठेवला. एका रिसॉर्टवाल्यांना पाहुण्यांच्या मुलांसाठी खेळ म्हणून हवं होतं. पैसे चांगले देत होते, तरी नाही म्हटलं. ताणलेला आर्म हाडं मोडू शकतो. तिथे कायम एक शिकलेला माणूस उभा राहील याची खात्री त्यांना देता आली नाही.

शेवटी नाशिककडचे एक प्रशिक्षक आले. त्यांनी पहिला प्रश्न किमतीचा नाही, आर्म लॉक करायच्या खिट्टीचा विचारला, तेव्हाच माझं मन त्यांच्याकडे झुकलं. शहरात क्ले उडवून दाखवायला जागा कुठली! मुरबाडजवळ मैत्रिणीच्या पडीक रानात गेलो. बंदूक नव्हतीच, नुसतं उडवून पाहायचं होतं. मशीन चार खुंट्यांनी जमिनीत पक्कं केलं. आर्म फिरतो त्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, क्ले ठेवताना हात मागूनच न्यायचा, हे मी त्यांच्याकडून करून घेतलं. स्प्रिंगचा नट आवळत नेला तशी क्ले लांब जाऊ लागली, पन्नास-साठ मीटरपर्यंत. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये क्ले 76 मीटर लांब जाते, तेवढी ताकद यात नाही हे मी स्पष्ट सांगितलं. नव्या मुलांची नजर आणि वेळ साधायला एवढं पुष्कळ आहे, असं ते म्हणाले. निघताना पडलेले तुकडे गोळा केले. पिच जनावरांच्या पोटात जाऊ नये.

मी वीस हजार सांगितले होते, सतरावर ठरलं. साध्या कागदावर पावती केली: मशीन जुनं, आहे त्या स्थितीत, चालवून दाखवलं. दोघांच्या सह्या झाल्या, पैसे खात्यात आले, मग स्प्रिंग सैल करून, आर्म दोरीने बांधून मशीन जीपमध्ये चढवलं. उरलेले क्लेचे खोके तसेच दिले, फक्त त्यावर दुसरं सामान ठेवू नका म्हणून बजावलं. वहीतली स्प्रिंगची मापं पाठवली आहेत. ते वर्कशॉपमधून एक जादा स्प्रिंग बनवून घेणार आहेत.